मुंबईचं नौदल पाहताना : डाळीतले खडे आणि गेटवेवरची शिदोरी

आम्ही बचत गटांच्या सहयोगिनी आज तुम्हाला मुंबईला घेऊन जाणार आहोत. तिकीट काढायचं नाही, एसटीत रुमाल टाकून जागा धरायची नाही. शेंगा फोडत असाल तर फोडत राहा, गोधडीला टाके घालत असाल तर घालत राहा. कान तेवढे इकडे असू द्या.

मार्चअखेरचा हिशेब झाला की बरेच गट सहल काढतात. मुंबई ठरली तर यादीही ठरलेलीच असते. सिद्धिविनायक, महालक्ष्मी, राणीचा बाग, चौपाटी आणि शेवटी गेटवे ऑफ इंडिया. गेटवेला आपण फोटो काढतो, बोटीची फेरी मारतो. लांब करड्या रंगाची लढाऊ जहाजं उभी दिसतात. कुणीतरी म्हणतं, "ती बघा नेव्हीची बोट." सगळ्या तिकडे बघतात आणि मग भेळेच्या गाडीकडे वळतात.

फौज आपल्या साताऱ्याकडच्या बायकांना नवी नाही. आपल्याकडे घराघरात कुणी ना कुणी फौजी असतो. अपशिंगे गावाला तर सगळा मुलूख 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखतो. पण आपली माणसं बहुतेक जमिनीवरच्या पलटणीतली. समुद्रावरच्या फौजेची गोष्ट आपल्या कानावर कमी आली. मुंबईतल्या नौदलाच्या गोष्टीत तर एक मोठं पान आहे, आणि त्याची सुरुवात जेवणाच्या ताटापासून होते. म्हणून ती आज सांगायची.

आधी गेटवेपासून सुरू करू. १९११ सालच्या डिसेंबरात इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी इथे, अपोलो बंदरावर उतरले. त्याची आठवण म्हणून ही कमान बांधली. राजा आला तेव्हा ही दगडी कमान नव्हती बरं का! पायाचा दगड १९१३ साली बसला आणि ४ डिसेंबर १९२४ ला कमान लोकांसाठी खुली झाली. पुढे देश स्वतंत्र झाल्यावर गोऱ्यांची शेवटची पलटण २८ फेब्रुवारी १९४८ ला याच कमानीतून बोटीवर चढून मायदेशी गेली. राजाच्या स्वागताची कमान राज्याला निरोप द्यायच्या कामी आली. कमानीसमोरच्या बागेत शिवाजी महाराजांचा घोड्यावरचा पुतळा आहे. तो १९६१ च्या प्रजासत्ताक दिनी उभा राहिला. ज्या राजाने आपलं स्वतःचं आरमार उभं केलं, त्याचा पुतळा समुद्राच्या तोंडाशी असावा हे साजेसंच आहे.

गेटवेकडून फोर्टकडे चालत निघालं की थोड्याच वेळात नौदलाच्या गोदीची लांबलचक भिंत लागते. तिच्या एका दरवाजाला लायन गेट म्हणतात. दारावर सिंह आहेत, म्हणून ते नाव. आत आपल्याला जाता येत नाही. ती आजही नौदलाची कामाची जागा आहे. पण भिंतीबाहेर उभं राहूनही एक गोष्ट आठवावी. १७३६ साली सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया नावाचे पारशी सुतार इंग्रजांच्या कंपनीसाठी जहाजं बांधायला मुंबईत आले. त्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या इथे सागवानी जहाजं बांधली. त्यातलं ट्रिंकोमाली नावाचं जहाज १८१७ साली पाण्यात उतरलं. ते मलबारकडच्या सागवानाचं आहे. आज दोनशे वर्षं उलटून गेली तरी ते इंग्लंडमधल्या हार्टलपूल गावी पाण्यावर तरंगतं आहे आणि लोक तिकीट काढून ते बघायला जातात. आपल्या कारागिरांच्या हाताची ही ताकद!

गोदीला लागूनच नौदलाचा एक जुना तळ आहे, आय.एन.एस. आंग्रे. हे नाव कान्होजी आंग्र्यांचं. इंग्रजांच्या काळात याच जागेला कॅसल बॅरेक म्हणायचे. ते नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ.

दुसऱ्या महायुद्धाआधी इंग्रजांचं हिंदी नौदल अगदी लहान होतं. त्यात बरेच खलाशी रत्नागिरीकडचे, कोकणातले मुसलमान होते. युद्ध पेटल्यावर भरती वाढली आणि नौदल कितीतरी पटींनी मोठं झालं. पंजाबपासून मद्रासपर्यंतची, शाळेत चार इयत्ता शिकलेली पोरं आली. भरतीच्या वेळी त्यांना चांगला पगार, चांगलं जेवण, युद्धानंतर नोकरी अशी आशा लावली होती. आत गेल्यावर वेगळंच दिसलं. काम तेच असलं तरी गोऱ्याचा पगार जास्त आणि काळ्याचा कमी. बोलताना शिव्या. आणि ताटात खडे असलेली डाळ आणि निकृष्ट भात.

कुलाब्याला 'तलवार' नावाचा तळ होता. नाव ऐकून जहाज वाटतं, पण ती होती जमिनीवरची शाळा. संदेश पाठवणारे खलाशी तिथे तयार व्हायचे. १ डिसेंबर १९४५ ला नौदल दिन होता आणि त्या दिवशी मुंबईकरांना तळ बघायला आत सोडणार होते. जशा आपण सहलीला जातो, तशीच माणसं येणार होती. सगळं झाडून पुसून, झेंडे लावून तयार केलं. पण सकाळी उजाडलं तेव्हा भिंतींवर 'चले जाव' आणि 'इन्किलाब जिंदाबाद' अशा घोषणा रंगवलेल्या! रात्रीतून काही तरुण खलाशांनी हे काम केलं होतं. त्यांच्यातले बी. सी. दत्त पुढे फेब्रुवारीत पकडले गेले.

८ फेब्रुवारी १९४६ ला आणखी एक प्रकार घडला. तो आपण बायकांनी नीट ऐकावा. त्या काळी नौदलात बायकांचीही एक शाखा होती. त्यातल्या काही जणी चाललेल्या असताना काही खलाशांनी त्यांना पाहून आरडाओरडा केला. हे वाईटच केलं, त्याचं समर्थन नको. पण तळाचा मुख्य अधिकारी कमांडर किंग आला तो सगळ्या बराकीला शिव्या देत आला. शिव्या जातीच्या, वंशाच्या आणि आयांच्या नावाने होत्या. ज्यांनी काही केलं नव्हतं त्यांच्याही आया त्यात आल्या. खलाशांनी रीतसर तक्रार केली. तिची दाद काही लागली नाही.

मग १८ फेब्रुवारी १९४६, सोमवार. 'तलवार'वरच्या खलाशांनी ताटाला हात लावायला नकार दिला. जेवण नाही तर काम नाही, असं ठरलं.

मैत्रिणींनो, इतिहासाच्या पुस्तकात 'नाविकांचे बंड' अशी एखादी ओळ येते आणि डोळ्यांपुढे तोफा येतात. सुरुवात मात्र पंगतीतून उठण्यापासून झाली. ताट नुसतं पोटासाठी नसतं, त्यात मानही वाढलेला असतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पाहुण्याला शिळं वाढलं तर तो काय समजायचं ते समजतो. खडे असलेली डाळ रोज पुढे आली तेव्हा त्या पोरांनाही आपली किंमत काय लावली आहे ते समजलं.

दोन दिवसांत संप वणव्यासारखा पसरला. मुंबई, कराची, मद्रास, कलकत्ता, विशाखापट्टण. सुमारे ७८ जहाजं, किनाऱ्यावरचे २० तळ आणि जवळजवळ २०,००० खलाशी त्यात आले. खलाशांनी आपली संपसमिती निवडली. तिचे अध्यक्ष एम. एस. खान, उपाध्यक्ष मदन सिंग. एक मुसलमान, एक शीख. जहाजांवरचा इंग्रजांचा झेंडा उतरला आणि त्या जागी काँग्रेसचा, मुस्लिम लीगचा आणि लाल बावटा असे तीन झेंडे शेजारीशेजारी चढले. जेवण, पगार आणि वागणुकीच्या मागण्या तर होत्याच. त्यांच्या जोडीला आझाद हिंद सेनेच्या कैद्यांना सोडा, इंडोनेशियात लढायला पाठवलेली आपली फौज परत आणा, याही मागण्या होत्या.

२१ तारखेला कॅसल बॅरेकला गोळीबार झाला. मघाशी ते नाव लक्षात ठेवायला सांगितलं ते यासाठी. आधी तिथे मराठा पलटणीचे शिपाई पहाऱ्याला होते. आपल्याच माणसांवर हिंदी शिपाई गोळ्या झाडतील याचा सरकारला भरवसा राहिला नाही, आणि त्यांच्या जागी गोरी पलटण आणली. नौदलाचा मुख्य अधिकारी ॲडमिरल गॉडफ्री याने रेडिओवरून धमकी दिली, की वेळ पडली तर सगळं नौदल नष्ट झालं तरी चालेल, पण बंड मोडू. आत कोंडलेल्या पोरांचं अन्नपाणी तोडायचं, असाही डाव होता.

आता या टप्प्यावर गोष्ट पुन्हा गेटवेला येते. खलाशी उपाशी आहेत ही बातमी मुंबईत पसरली आणि लोक शिदोऱ्या घेऊन निघाले. कुणी फळं आणली, कुणी पाव, कुणी दूध, कुणी घरचं रांधलेलं. हिंदू आले, मुसलमान आले, इराणी हॉटेलवाले आले. दुकानदारांनी माल मोकळा केला. जहाजांवरून छोट्या बोटी गेटवेच्या पायऱ्यांना लागल्या आणि पहाऱ्यावरचे हिंदी शिपाई बंदुका पाठीला अडकवून टोपल्या बोटीत चढवू लागले. आपण बोटीच्या फेरीसाठी ज्या धक्क्याशी रांग लावतो, तिथलीच ही गोष्ट.

त्या शिदोऱ्यांमध्ये किती घरच्या चुलींचं होतं याची नोंद कुणी ठेवली नाही. पण मुंबईत तेव्हा घराघरात चूल कोण पेटवत होतं, हे सांगायला नोंदवहीची गरज नाही.

दुसऱ्या दिवशी, २२ फेब्रुवारीला, शहरात हरताळ पडला. कम्युनिस्ट पक्षाने हाक दिली होती. गिरण्या बंद झाल्या. परळ, लालबाग, डिलाईल रोड हा सगळा भाग गिरणीकामगारांचा. कामगार कोण? आपल्याच घाटावरचे, आणि कोकणातले. त्यांच्या खानावळी चालवणाऱ्या बायाही आपल्याच मुलखातल्या. ज्या खोलीत एक पाळी कामाला गेली की दुसरी पाळी झोपायला येई, त्या खोल्यांतली माणसं खलाशांसाठी रस्त्यावर उतरली. सरकारने चिलखती गाड्या आणि गोरे सैनिक पाठवले. रस्त्यांवर, चाळींवर गोळ्या चालल्या. दोन-तीन दिवसांत दोनशेहून जास्त नागरिक मेले आणि हजाराच्या आसपास जखमी झाले.

त्या दिवशी परळला परळ महिला संघाच्या बायका होत्या. त्यातल्या कमल दोंदे गोळी लागून गेल्या. त्यांच्याबरोबर असलेल्या कुसुम रणदिवे यांच्या पायात गोळी लागली. ही दोन नावं आज तुमच्या वहीत लिहून ठेवा. नौदलाच्या उठावात बायका कुठे होत्या असं कुणी विचारलं, तर उत्तर म्हणून ही नावं सांगता येतील. त्या काही जहाजावर नव्हत्या. त्या परळला होत्या, आपला महिला संघ घेऊन. आजच्या बोलीत सांगायचं तर गटाच्या बायका होत्या.

पुढे काय झालं? काँग्रेसचे सरदार पटेल आणि लीगचे जिना, दोघांनीही खलाशांना शस्त्रं खाली ठेवायला सांगितलं. स्वातंत्र्य दारात आलं आहे, अशा वेळी सैन्याची शिस्त मोडली तर उद्याच्या आपल्याच राज्याला जड जाईल, असा मोठ्या पुढाऱ्यांचा विचार होता. अरुणा असफ अलींसारख्या काही जणांचं मन मात्र खलाशांच्या बाजूने होतं. २३ फेब्रुवारीला सकाळी संप मागे घेतला. आम्ही भारतापुढे शरण जातो, इंग्रजांपुढे नाही, असं संपसमितीने शेवटी जाहीर केलं.

कुणावर सूड उगवला जाणार नाही, असा शब्द पुढाऱ्यांनी दिला होता. तो पाळला गेला नाही. पुष्कळांना पकडलं, छावण्यांत ठेवलं आणि चारशेहून जास्त जणांना नोकरीतून काढलं. बाकीच्यांचं दुःख अजून वेगळं. वर्षदीडवर्षात देश स्वतंत्र झाला, पण काढलेल्यांना ना भारताच्या नौदलात परत घेतलं, ना पाकिस्तानच्या. स्वातंत्र्यसैनिक म्हणून मान मिळायला बरीच वर्षं जावी लागली. चौकशीसाठी न्यायमूर्ती फजल अलींच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला होता. खराब जेवण आणि अपमानाची वागणूक या तक्रारी त्याच्यासमोरही आल्या. म्हणजे पोरं उगाच ताटावरून उठली नव्हती.

आज कुलाब्याला रस्त्याकडेच्या एका छोट्या बागेत या उठावाचं स्मारक आहे, नौसैनिकाच्या पुतळ्याचं. गेटवेहून टॅक्सीने गेलं तर फार वेळ लागत नाही. आणखी एक गोष्ट सांगतो. ज्यांना एके काळी बंडखोर म्हणून काढलं, त्या बी. सी. दत्त आणि मदन सिंग यांची नावं आपल्या नौदलाने पुढे आपल्या दोन टग बोटींना दिली. टग म्हणजे मोठ्या जहाजाला ओढून धक्क्याला लावणारी छोटी बोट. तिच्याकडे कुणी बघत नाही, पण तिच्याशिवाय मोठं जहाज जागचं हलत नाही.

लायन गेटच्या चौकातही एक स्मारक आहे, विक्रांत जहाजाचं. विक्रांत हे आपलं पहिलं विमानवाहू जहाज. १९६१ साली ते नौदलात आलं. १९७१ च्या लढाईत त्याच्यावरच्या विमानांनी बंगालच्या उपसागरात मोठी कामगिरी केली. १९९७ ला ते निवृत्त झालं. पुढे काही वर्षं ते मुंबईतच पाण्यावर संग्रहालय म्हणून ठेवलं होतं. शाळांच्या सहली जायच्या, पोरं डेकवर पळायची. पण एवढं मोठं लोखंड खाऱ्या पाण्यात सांभाळायचं म्हणजे खर्चाचं काम. २०१२ ला ते बघणं बंद झालं, २०१४ ला जहाज भंगारात विकलं गेलं आणि मग मोडलं. त्याच्याच लोखंडातून घडवलेलं स्मारक २०१६ साली या चौकात बसवलं. आता त्याच नावाचं नवं विक्रांत कोचीला बांधून २०२२ साली नौदलात आलं आहे.

हे जहाज आम्ही मुद्दाम सांगितलं. शेकडो फूट लांब लोखंडाचं जहाजसुद्धा कुणी सांभाळलं नाही तर उरत नाही. मग कमल दोंदे हे नाव उरायचं कसं? त्याला ना डेक, ना तोफ, ना तिकीटखिडकी. ते फक्त कुणीतरी कुणालातरी सांगितलं तरच उरतं. मुंबई दाखवणाऱ्या बसगाड्या परळच्या त्या रस्त्यावर थांबत नाहीत. तिथे आपणच थांबायचं.

आता सहलीचं बोलू. गेटवेला सकाळी लवकर पोचा. उन्हाचा त्रास होत नाही आणि गर्दीही कमी असते. कमान बघा, महाराजांना नमस्कार करा आणि मग पायऱ्यांकडे जाऊन शिदोरीची गोष्ट एकमेकींना सांगा. तिथून चालत लायन गेटला जा, चौकातलं विक्रांतचं स्मारक बघा. गोदीच्या आत जायचा किंवा भिंतीवरून फोटो काढायचा प्रयत्न करू नका, तिथे मनाई असते. मग कुलाब्याचं स्मारक. संध्याकाळी परतताना वाट वाकडी करून परळवरून या. ४ डिसेंबर हा आपल्या नौदलाचा दिवस. १९७१ साली त्या दिवशी आपल्या क्षेपणास्त्र बोटींनी कराचीवर हल्ला केला, त्याची ही आठवण. त्या सुमाराला कधीकधी लढाऊ जहाजं लोकांना आतून बघायला खुली करतात. पेपरात तशी बातमी येते. ती बघून तारीख धरली तर जहाजाच्या आतला स्वयंपाकघराचा कोपराही दिसेल. तो जरूर बघा. एवढ्या माणसांचं जेवण हलत्या जहाजावर कसं होतं, हे आपल्याइतकं जाणून कोण विचारणार?

आणि बरोबर शाळेतल्या मुली असतील तर त्यांना आणखी एक सांगा. नौदलात बायका अधिकारी म्हणून १९९२ पासून आहेत. पण खलाशी म्हणून, म्हणजे ज्या जागेवर ती १९४६ ची पोरं होती त्या जागेवर, मुली अगदी अलीकडे आल्या. अग्निवीर भरतीतून निवडलेली त्यांची पहिली तुकडी मार्च २०२३ मध्ये ओडिशातल्या चिल्का इथून शिकून बाहेर पडली. अडीचशेहून जास्त मुली होत्या. आता करड्या जहाजाकडे बोट दाखवून "ती बघा नेव्हीची बोट" म्हणताना त्यावर आपली एखादी लेकही असू शकते. तिच्या ताटात काय वाढलं जातं आणि तिला कोणत्या शब्दांत हाक मारली जाते, हे विचारण्याचा हक्क तिला आहे. तो तिच्या आधी कुणीतरी मोठी किंमत देऊन मागितला आहे.

या महिन्याच्या गटाच्या बैठकीत हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या की दहा मिनिटं काढा. तुमच्या गावात १९४६ च्या सुमाराला मुंबईच्या गिरणीत, गोदीत किंवा नौदलात कोण होतं, ते म्हाताऱ्या माणसांना विचारा. हरताळाच्या त्या दिवसांत घरी काय बातमी आली, कुणी काय सांगितलं, ते ऐका. जे सांगतील ते त्याच वहीच्या मागच्या पानावर लिहून काढा आणि आमच्याकडे पाठवा. पुढच्या बोलण्यात तुमच्या गावची नावं आपण याच रेडिओवर वाचू.

तोवर काळजी घ्या. नमस्कार.